इलेक्ट्रिक गाडीची चाकं बदलताय? आधी भाराचा आकडा वाचा

पुढच्या महिन्यात माझ्या गाडीचे चारही टायर बदलायचे आहेत. मागच्या वेळी हे काम मी एका रविवारी दीड तासात उरकलं होतं. सतरा इंची चाकं काढून अठरा इंची घातली, गाडी धुऊन घेतली आणि खुशीत घरी आले. ती घाई घाटात अंगाशी आली. म्हणून या वेळी सगळी तयारी आधी लिहून काढतेय. बडोद्यात आता इलेक्ट्रिक गाड्या भरपूर झाल्यात आणि माझ्यासारखेच ‘जरा मोठी चाकं घातली की गाडी वळणावर छान बसेल’ म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी हे दुकानात जाण्याआधी वाचावं, गेल्यावर नाही.

पहिलं काम दुकानात नसतं, घरच्या पार्किंगमध्ये असतं. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावरची पट्टी वाचा, तिचा फोटो काढा. टायरची साइझ आणि हवेचा दाब तिथे लिहिलेला असतो. गाडीचं भरलेलं एकूण वजन आणि पुढच्या-मागच्या आसाची मर्यादा दुसऱ्या पट्टीवर असेल तर तिचाही फोटो घ्या. मग खाली वाकून टायरवरचं वाचा. माझ्या मूळ टायरवर होतं २१५/५५ आर१७ ९४ व्ही. रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के, रिम १७ इंची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. शेवटचं अक्षर वेगाचं: एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. मुळात जे अक्षर असेल त्याच्या खाली जायचं नाही, एवढं पुरे.

उरला तो ९४. तोच मी मागच्या वेळी वाचला नव्हता.

हा भाराचा आकडा, म्हणजे लोड इंडेक्स. एका टायरने किती वजन उचलायचं ते तो सांगतो. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०, ९५ म्हणजे ६९० आणि ९८ म्हणजे ७५०. हे किलो टायरवर छापलेल्या साइझमधून काढता येत नाहीत, तक्त्यातच बघावे लागतात. म्हणून कुणी बघत नाही. तुम्ही बघा.

मला दुकानात जी साइझ दाखवली ती २२५/४५ आर१८. मोठ्या पेट्रोल सेडानना ती लागते, त्यामुळे तयार माल पडलेला असतो. या साइझमध्ये दोन तऱ्हा मिळतात: साधा टायर ९१ चा आणि एक्सएल, म्हणजे जादा भाराचा, ९५ चा. शेजारी शेजारी ठेवले तर नक्षी तीच, नाव तेच, चकाकी तीच. साधा समोर होता, एक्सएल मागवायला चार दिवस लागणार होते. मी विचारलंच नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीला तो ९१ चालूनही गेला असता. आपल्या गाडीच्या पोटाखाली काहीशे किलोंची बॅटरी आहे, हे टायरच्या काउंटरवर उभं असताना डोक्यात असायला हवं.

मग दिवाळीनंतर भाचीच्या लग्नाला नाशिकला गेलो. आम्ही पाच जण, डिकीत आहेर, दोन मोठ्या बॅगा आणि लिलो चेवड्याचे आठ डबे. परत येताना सापुताऱ्याहून वघईकडे उतरत होतो. एका उजव्या वळणावर डावं पुढचं चाक रस्त्याच्या तुटलेल्या कडेवर आदळलं. वेग जास्त नव्हता, ब्रेकवर पाय होता. धप्प झालं, गाडी सरळ चालत राहिली, मीही चालवत राहिले. वघईला चहाला थांबलो तेव्हा मुलाने मोबाइलचा दिवा मारला आणि म्हणाला, ‘‘आई, हे काय आहे?’’ टायरच्या भिंतीवर अर्ध्या लिंबाएवढा फुगा आला होता. त्याच्यावर आलेली कंपनीच्या नावाची दोन अक्षरं ताणून फाकली होती. बोट लावलं तर तेवढाच भाग मऊ आणि गरम. आतले दोरे तुटलेले असतात आणि हवेला फक्त रबराचा पापुद्रा अडवून धरतो, तेव्हा असा फुगा दिसतो. तो घेऊन आम्ही चौदा-पंधरा किलोमीटर घाट उतरलो होतो, मागे सासूबाई झोपलेल्या. स्टेपनी लावून, चाळीसच्या वर न जाता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मकरपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या टायरवाल्याने फुगा बघितलाच नाही. आधी आकडा बघितला. ‘‘बेन, आ एकाणुं कोणे नाख्युं?’’ म्हणजे, हा एक्याण्णव कुणी घातला? मला उत्तर देता आलं नाही.

आता गणित, कारण ‘पण गाडी तर चालत होती ना’ असं मलाही वाटलं होतं. माझ्या गाडीच्या पुढच्या आसाची मर्यादा ११०० किलो, म्हणजे पुढच्या एकेका टायरवर ५५०. मूळ ९४ चा टायर ६७० उचलतो, म्हणजे १२० किलो शिल्लक. मी घातलेला ९१ उचलतो ६१५, शिल्लक ६५. उभ्या गाडीचं गणित जमत होतं, ते खरं. पण ही क्षमता पूर्ण हवा असताना मोजलेली असते, साधारण ३६ पीएसआयला. पंपावरच्या मुलाने सवयीने ३३ भरली होती. तेवढ्या हवेत तो टायर ५७० किलोच्या आसपासच उचलतो. शिल्लक राहिली वीस किलो. वर उतार, ब्रेक आणि वळण. तिन्ही मिळून वजन ढकलतात ते बाहेरच्या पुढच्या चाकावर, म्हणजे नेमकं त्याच चाकावर. शिवाय मूळ टायरची भिंत ११८ मिलिमीटरची होती, याची १०१. खड्ड्याचा मार झेलायला १७ मिलिमीटर कमी. म्हणून म्हणते, दाराच्या पट्टीवर किंवा मूळ टायरवर जो भाराचा आकडा असेल, तो किंवा त्याच्या वरचा. खाली एक पायरीसुद्धा नाही, दुकानदार काहीही म्हणो.

आणि नुसतं ‘एक्सएल द्या’ म्हणूनही काम संपत नाही. एक्सएल टायर आपला पूर्ण भार ४२ पीएसआयच्या आसपास उचलतो. ९५ चा एक्सएल घेऊन त्यात ३६ भरलेत तर तो जवळपास माझ्या त्या ९१ एवढाच उरतो. जादा पैसे देऊन तीच चूक. तेव्हा एक्सएल घेतला तर हवा किती भरायची हे टायरवाल्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या. हवा सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना तपासा. बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी गाडी चालवून पंपावर गेलात तर आकडा फुगलेला दिसतो, मुलगा हवा काढतो आणि पहाटे टायर कमी हवेवर असतो. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की साधारण एक पीएसआय इकडे तिकडे होतो.

जगात इलेक्ट्रिक गाड्या इतक्या जड झाल्यात की एक्सएलच्याही वर एचएल नावाचा वर्ग आलाय. पिरेली या टायर कंपनीने तो २०२१ मध्ये ल्युसिड एअर या अमेरिकन इलेक्ट्रिक गाडीसाठी काढला, त्याच साइझच्या साध्या टायरपेक्षा सुमारे २० टक्के जास्त भाराचा. आपल्याला इथे त्याची गरज पडायची नाही, पण भाराचा आकडा ही किरकोळ बाब नाही हे यावरून कळावं.

आता चाकाचा आकार. आधी स्वतःला विचारा, नेमकं काय खटकतंय. माझी तक्रार होती की गाडी वळणावर झुलते. झुलणं सस्पेन्शनचं असतं. चाक मोठं केल्याने ते जात नाही. बुटक्या भिंतीने बदलतं ते स्टिअरिंगचं उत्तर. हात फिरवल्यावर भिंत कमी मुरडते, गाडी लगेच वळते. अलकापुरीच्या गुळगुळीत रस्त्यावर फार बरं वाटतं. पण खडबडीत वळणावर तेच चाक उड्या मारतं, कारण जड आहे आणि भिंत धक्का गिळत नाही. उडी मारणाऱ्या टायरची पकड शून्य. मी घरच्या वजनकाट्यावर दोन्ही चाकं ठेवून बघितली: सतराचं टायरसकट साडेवीस किलो, अठराचं जवळपास तेवीस. हे अडीच किलो स्प्रिंगच्या खाली, चारही कोपऱ्यांत. रेंजही कमी झाली, तो हिशेब वेगळाच.

व्यास मात्र कागदावर काढाच. भिंत दोनदा, अधिक रिम. २१५/५५ आर१७ चा येतो ६६८ मिलिमीटर, २२५/४५ आर१८ चा ६६०. फरक सव्वा टक्का, चालण्यासारखा. दोन-तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. वेग, किलोमीटर, उरलेली रेंज, एबीएस, सगळं चाकाच्या फेऱ्यांवर मोजलं जातं. व्यास घटला की बॅटरी जमिनीच्या जवळ येते, तेही लक्षात ठेवा. मी या वेळी सतरावरच राहतेय. हलकी सात इंच रुंदीची रिम आणि २१५/५५ आर१७, भाराचा आकडा ९८, एक्सएल.

रिम घेताना नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचं माप जुळायलाच हवं, नाहीतर ती बसणारच नाही. मधलं भोक बघा. ते गाडीच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागापेक्षा, मोठं असेल तर मापाची रिंग हवी, नाहीतर ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंग करत बसतात. ऑफसेट, तो ईटी लिहिलेला आकडा: ४५ च्या जागी ३५ घेतलात तर चाक १० मिलिमीटर बाहेर येतं. दिसायला रुबाबदार, पण पुढची चाकं ओढणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीत मोटरचा सगळा जोर एकदम येतो, आणि चाक असं बाहेर काढलं की पाय दाबल्यावर स्टिअरिंग हातात ओढतं. मूळच्या जवळ राहा. आणि भाराचा आकडा रिमलाही असतो! मागच्या बाजूला किलोमध्ये कोरलेला. पुढच्या-मागच्या आसांपैकी ज्याची मर्यादा जास्त, तिच्या निम्म्याहून कमी असेल तर ती रिम परत करा. कोरलेलाच नसेल तर घेऊ नका.

टायरची जात. आपल्याकडे लिमड्याला अपोलो, हालोलला सिएट, दोघांचे कारखाने तासाभराच्या आत, आणि दोघेही आता इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वेगळे टायर काढतात. ते कमी आवाज करतात, कमी ऊर्जा खातात. पण रेंजसाठी बनवलेला टायर आणि वळणावर धरणारा टायर एकच असेल असं समजू नका. ओल्या रस्त्यावरची पकड विचारा. आपल्याकडे पाऊस पडला की अकोटा पुलाच्या आसपास काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. आत फोम चिकटवलेला टायर असेल तर पंक्चर कोण काढेल हे आधी विचारून ठेवा. गल्लीतला पंक्चरवाला तो फोम खरवडून मोकळा होतो. उत्पादनाची तारीख: टायरच्या भिंतीवर ‘डॉट’ (DOT) ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षाहून जुना नको. आणि तारीख बघायला वाकलाच आहात तर भाराचा आकडा पुन्हा वाचा. चारही टायरवर. माझ्या ओळखीत एकाला तीन एक्सएल आणि एक साधा मिळालाय.

बसवायच्या दिवशी दुकानात उभं राहा. जॅक ठरलेल्या जागीच लावायचा, बॅटरीच्या पेटीखाली अजिबात नाही, आणि हे कामाला लागलेल्या मुलाला तोंडाने सांगा. नट चांदणीच्या क्रमाने, शेवटचा पीळ टॉर्कच्या पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला. बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, त्याचा कागद मागून घ्या. हवेचा इशारा देणारे सेन्सर जुन्या रिममधून नव्यात आले का ते विचारा.

साइझ बदलली तर विमा कंपनीला कळवा. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. पुढचे टायर लवकर झिजतात, आठ-दहा हजारांवर पुढचे मागे. पहिले काही दिवस पावसात हळू. स्टेपनीत हवा.

आणि बिलावर साइझच्या पुढे भाराचा आकडा लिहून घ्या, ९८ एक्सएल, असा. माझं मागचं बिल अजून कपाटात आहे. त्यावर फक्त लिहिलंय: अठरा इंची, नग चार.