घर, गावठाण आणि समुद्र: लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे आपलं म्हणणं कसं मांडावं

सभागृहात खासदार बोलतात ते टीव्हीवर दिसतं. समितीच्या खोलीत तेच खासदार मंत्रालयाच्या सचिवांना दोन-दोन तास प्रश्न विचारतात, ते कुणाला दिसत नाही, कारण संसदेच्या समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. त्यामुळे आपल्याकडे आमदार-खासदाराचं काम मोजायचं ते भाषणांवर, नाहीतर रस्त्याच्या उद्घाटनांवर. घरं, नगररचना आणि समुद्रकिनारा या विषयांवरचे कायदे मात्र बऱ्याचदा समितीत घडतात किंवा बिघडतात. तिथपर्यंत साध्या माणसाचा कागद पोहोचू शकतो. तो कसा पोहोचवायचा, हे या लेखात सांगतो.

आधी एक उदाहरण, म्हणजे खटपट कशासाठी करायची ते कळेल. आज फ्लॅट घेणारा प्रत्येक जण ज्या ‘रेरा’चं नाव घेतो, त्या घरबांधणी प्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्याचं विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत आलं. त्यात १००० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा १२ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट होती. नगरविकास विषयाच्या स्थायी समितीनं २०१४ मध्ये सुचवलं, ही मर्यादा १०० चौरस मीटर किंवा ३ सदनिका इतकी खाली आणा. पुढे विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकापुरत्या नेमलेल्या समितीकडे, गेलं. अनिल माधव दवे तिचे अध्यक्ष होते. तिनं जुलै २०१५ च्या अहवालात ५०० चौरस मीटर किंवा ८ सदनिका असा आकडा दिला, आणि २०१६ च्या कायद्यात तोच आला. आता कोकणातल्या तालुक्याच्या गावी ६०० चौरस मीटर जागेवर उभी राहणारी १० फ्लॅटची इमारत डोळ्यासमोर आणा. मूळ विधेयकात ती कायद्याबाहेर राहिली असती. समितीनं आकडा बदलला म्हणून ती कायद्यात आली.

समितीचं सगळंच ऐकलं जातं असं नाही, हेही याच कायद्यात दिसतं. ग्राहकांकडून आलेल्या पैशातला किती भाग त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचा, या मुद्द्यावर प्रवर समितीनं किमान ५० टक्के मान्य केले होते. कायदा झाला तेव्हा तो आकडा ७० टक्के होता. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. म्हणूनच अहवाल आल्यानंतरचा पाठपुरावा निवेदनाइतकाच महत्त्वाचा.

पहिलं काम: योग्य दार शोधणं

आपली निम्मी निवेदनं चुकीच्या टेबलावर जातात. किनाऱ्यावरच्या एखाद्या वाडीचा प्रश्न घ्या. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा राज्याचा विषय. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. त्याबाबतचं गाऱ्हाणं विधानभवनात न्यायचं. १२ मैलांपलीकडची मासेमारी केंद्राकडे. घर किनाऱ्यापासून किती अंतरावर बांधता येईल, हे सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना ठरवते. तीही केंद्राची, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालची. गावठाण, विकास आराखडा, आरक्षण हे राज्याचा १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आणि तुमची नगरपालिका किंवा नियोजन प्राधिकरण पाहतं.

संसदेतही हा एकच गाव चार समित्यांत विभागलेला असतो. घरकुल आणि शहरी योजना लोकसभेच्या गृहनिर्माण व शहरी व्यवहार समितीकडे. सीआरझेड राज्यसभेच्या विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण, वने व हवामान बदल समितीकडे. मत्स्यव्यवसाय लोकसभेच्या कृषी व पशुसंवर्धन पाहणाऱ्या समितीकडे. बंदरं राज्यसभेच्या परिवहन, पर्यटन व संस्कृती समितीकडे. एकाच निवेदनात हे चारही विषय कोंबलेत, तर प्रत्येक समितीच्या सचिवालयाला ‘हा आमचा विषय नाही’ असं म्हणायला जागा मिळते. म्हणून चार वेगळे कागद करा. कष्ट वाढतात, पण दुसरा मार्ग नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की त्यावरच्या हरकती थेट नियोजन प्राधिकरणाकडे द्यायच्या असतात आणि मुदत फक्त ३० दिवसांची असते. महापालिकेच्या बाबतीत त्या ऐकणाऱ्या नियोजन समितीत महापालिकेच्याच स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारनं नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ बसतात. सीआरझेडसारख्या अधिसूचनेचा मसुदा निघाला तर हरकतींना साधारण ६० दिवस मिळतात. २०१९ च्या अधिसूचनेचा मसुदा एप्रिल २०१८ मध्ये निघाला तेव्हा तेवढेच होते. आमदाराच्या बंगल्यावर चकरा मारताना ही तारीख निघून जाऊ देऊ नका. गेली की गेली.

समितीत कोण आहे ते पाहणं

संसदेच्या विभागवार स्थायी समित्या २४ आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. समितीची मुदत एक वर्ष, त्यामुळे मागच्या वर्षीची यादी हाताशी धरून बसू नका. संसदेच्या संकेतस्थळावर ताजी यादी असते. आपल्या मतदारसंघाचा खासदार त्या समितीत असला तर उत्तम. नसला तरी किनारपट्टीच्या दुसऱ्या जिल्ह्याचा, अगदी गोव्याचा किंवा केरळचा सदस्य शोधा. मासे वाळवायच्या जागेचा प्रश्न त्याला समजावून सांगावा लागत नाही.

राज्यात विधानमंडळाच्या समित्यांपैकी दोन आपल्या फार कामाच्या. विनंती अर्ज समिती ही पहिली. अर्ज आमदारामार्फत सभागृहात सादर होतो आणि मग समिती तो तपासते. दुसरी आश्वासन समिती. मंत्र्यांनी सभागृहात ‘तीन महिन्यांत सीमांकन करू’ असं म्हटलं असेल, तर ते शब्द इथे मोजले जातात. तारांकित प्रश्नाचं उत्तर आणि त्याची तारीख जपून ठेवा. माझ्या मते कोळीवाड्यांच्या सीमांकनाच्या लढ्यात या समितीचा जितका उपयोग व्हायला हवा होता, तितका आपण करून घेतलेला नाही.

संसदेकडे करायच्या विनंती अर्जाला एक अट आहे. विषय न्यायालयात चालू असला तर अर्ज घेतला जात नाही. तेव्हा आधी गावात विचारा, कुणी याचिका केली आहे का.

विधेयक समितीकडे कधी जातं, यावर नजर

प्रत्येक विधेयक समितीकडे जातंच असं नाही, आणि हे प्रमाण घसरलं आहे. १५व्या लोकसभेच्या काळात ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, १७व्या लोकसभेच्या काळात १६ टक्के. म्हणजे बोलायची संधी कमी वेळा येते, आणि आली की हातची सोडायची नाही. विधेयक गेलं की लोकसभा किंवा राज्यसभा सचिवालय वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळावर जाहिरात देऊन सूचना मागवतं. मुदत बहुधा १५ दिवसांची. पंधरा दिवसांत गाव गोळा करून, कागद शोधून, भाषांतर करून निवेदन होत नाही. कागदांची फाईल आधीच तयार हवी.

त्या फाईलमध्ये काय असावं? सातबारा आणि सिटी सर्वेचा उतारा, जुना गावठाण नकाशा, होड्यांची नोंदणी, मच्छिमार सहकारी संस्थेच्या वह्या, डिझेल परताव्याची कागदपत्रं, ग्रामसभेचा ठराव, तारखेसह फोटो. जुनी नोंद का लागते ते २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत पाहा. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा महाराष्ट्र सरकारच्या संबंधित नोंदींत दाखवलेले बृहन्मुंबईतले कोळीवाडे नकाशावर आणून सीआरझेड-३ घोषित करावेत, म्हणजे तिथे स्थानिक नगररचना नियमांनुसार घरं बांधता-दुरुस्त करता येतील, असं त्यात लिहिलं होतं. ‘किंवा संबंधित नोंदींत’ हे तीनच शब्द. ज्या वाडीचं नाव आराखड्यातून सुटलं, तिला आधार त्याच शब्दांचा, आणि शब्दांना आधार तिच्या पेटीतल्या कागदाचा.

निवेदन लिहिणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आपण निवेदन लिहायला बसलो की मोर्चाची भाषा येते: ‘आम्ही भूमिपुत्र, पिढ्यान्‌पिढ्या, हा अन्याय सहन करणार नाही.’ भावना खरी आहे. पण समितीच्या सचिवालयातला अधिकारी कलमवार तक्ता करत असतो. कलम, आलेली सूचना, मंत्रालयाचं उत्तर. तुमच्या कागदात कलमाचा क्रमांक नसेल तर त्या तक्त्यात तुम्हाला रकानाच मिळत नाही. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या. एवढ्या ढिगात वाचणाऱ्याला नेमकं काय बदला ते एका नजरेत कळलं पाहिजे.

एका मुद्द्याची मांडणी अशी करा. समजा, एखाद्या मसुद्यातल्या कलम ७ मध्ये मच्छिमारांच्या ‘राहत्या घरांना’ सवलत आहे.

*सध्याचा मजकूर:* कलम ७ – ‘मच्छिमारांची राहती घरे’.
*सुचवलेला मजकूर:* ‘मच्छिमारांची राहती घरे, तसेच होड्या ओढून शाकारण्याची, जाळी दुरुस्त करण्याची आणि मासळी वाळवण्याची सामायिक जागा’.
*कारण:* आमच्या वाडीत बोंबील वाळवण्याची वलांडी आणि खळं घरांना लागून, सामायिक जमिनीवर आहे. घर वाचलं आणि खळं गेलं तर पकडलेली मासळी वाळवायची कुठे? सोबत संस्थेच्या वहीची पानं आणि नकाशा.

एवढंच. एका मुद्द्याला अर्धं पान, सगळं मिळून चार-पाच पानं, आणि पहिल्याच पानावर सगळ्या सूचना एकेका ओळीत. सगळ्या विधेयकाला विरोध असला तरी शेवटी ‘तरीही विधेयक पुढे न्यायचं असल्यास’ असं लिहून कलमवार दुरुस्त्या द्या. नुसता ‘विधेयक मागे घ्या’ असा कागद पाठवला की त्यातून उचलण्यासारखं काहीच उरत नाही.

मोजलेलंच लिहा. ‘हजारो कुटुंबं’ म्हणण्यापेक्षा ‘आमच्या वाडीत १४२ घरं, ६१ होड्या’ असं. आकडा आपण स्वतः मोजलेला असावा, कारण साक्षीत त्यावरच पहिला प्रश्न येतो. आणि वाडीतल्या बायकांना लिहायला बसवा. मासळी वाळवणं, निवडणं, बाजाराला नेणं त्यांच्या हातात आहे, जागा किती लागते हे त्यांनाच बरोबर माहीत असतं. पण बहुतेक निवेदनांवर सह्या नुसत्या पुरुषांच्या.

संसदीय समित्या निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत मागतात, सहसा दोन प्रती आणि ई-मेल. मराठीत लिहून घ्या, सगळ्यांना वाचून दाखवा, मग भाषांतर करा. विधानमंडळाकडे मराठीच चालते. प्रत्यक्ष येऊन बोलायची इच्छा असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर बोलावलं जाणार नाही.

आणखी एक नियम लोकांना ठाऊक नसतो. समितीला दिलेलं निवेदन तिच्या दप्तराचा भाग होतं, गोपनीय मानलं जातं आणि त्याला संसदेचं विशेषाधिकाराचं संरक्षण असतं. ते आपण परस्पर फेसबुकवर टाकलं किंवा पत्रकाराला दिलं तर अडचण होऊ शकते. गावाची भूमिका सांगणारं पत्रक वेगळं काढा.

साक्षीला बोलावलं तर

दोघं-तिघं जा. त्यातला एक कागद सांभाळणारा आणि एक रोज समुद्रावर जाणारा. मिनिटं थोडी मिळतात, तेव्हा लिहिलेलं वाचून दाखवू नका. पहिल्या पानावरच्या दोन सूचना सांगा आणि थांबा, म्हणजे सदस्यांना प्रश्न विचारता येतील. उत्तर ठाऊक नसेल तर ‘लेखी पाठवतो’ म्हणा, आणि खरंच पाठवा.

अहवाल वाचणं

अहवाल आला की लोक बातमी वाचून थांबतात. तुम्ही मागची पानं उघडा. बैठकींची इतिवृत्तं तिथे जोडलेली असतात आणि प्रत्येक बैठकीला कोण हजर होतं ते त्यात लिहिलेलं असतं. आपला खासदार समितीत काम करतो की नुसतं नाव लावतो, हे तिथे कळतं. कुणी असहमतीची टिपणी दिली असेल तर तीही वाचा. पुष्कळदा किनाऱ्याच्या माणसांचं म्हणणं बहुमताच्या शिफारशीत नसतं, ते या टिपणीत सापडतं, आणि सभागृहात दुरुस्ती मांडायला तिथला मसुदा उपयोगी पडतो. लोकसभेच्या समित्यांच्या अहवालांत शिफारशी ठळक अक्षरांत असतात. आपल्या विषयाची शिफारस कितव्या क्रमांकाची, ते टिपून ठेवा.

मंत्रालयाच्या अनुदानाच्या (वार्षिक खर्चाच्या) मागण्यांवरच्या किंवा एखाद्या योजनेवरच्या अहवालाला सरकारनं तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. त्यानंतर समिती ‘केलेल्या कार्यवाहीचा अहवाल’ काढते. त्याची पाच प्रकरणं ठरलेली. दुसऱ्यात सरकारनं मानलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीनं सोडून दिलेल्या, चौथ्यात सरकारचं उत्तर समितीला पटलं नाही अशा, पाचव्यात अंतिम उत्तर अजून यायचं आहे अशा. आधी चौथं प्रकरण उघडा. आपली शिफारस तिथे असेल तर समिती अजून आपल्या बाजूनं उभी आहे. तिसऱ्यात असेल तर खासदाराच्या कार्यालयात जा, क्रमांक दाखवा आणि शांतपणे विचारा: ‘साहेब, ही शिफारस समितीनं सोडून दिली त्या बैठकीला आपण होता का?’