अवकाशातील शस्त्रस्पर्धेला आपल्या शहरातून विरोध कसा करावा

आधी मागणी नेमकी करून घ्यावी. ‘अवकाश शांततेसाठी राखावे’ या घोषणेला कोणताही मंत्री हसतमुखाने होकार देईल आणि विषय तिथेच संपेल. 1967 च्या बाह्य अवकाश कराराच्या चौथ्या कलमाने अण्वस्त्रे आणि सामूहिक संहाराची अन्य शस्त्रे पृथ्वीभोवतीच्या कक्षेत ठेवण्यास मनाई केली आहे, पण जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून उपग्रह फोडण्याला ते कलम अडवत नाही. म्हणूनच चीनने 2007 मध्ये, अमेरिकेने 2008 मध्ये, भारताने 27 मार्च 2019 रोजी आणि रशियाने 2021 मध्ये आपापले उपग्रह फोडले. अशा चाचण्या करणार नाही, अशी हमी सर्व देशांनी द्यावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2022 मध्ये 155 विरुद्ध 9 मतांनी संमत केला. त्या वेळी भारत तटस्थ राहिला. आपल्या सरकारने ही हमी जाहीरपणे द्यावी, एवढी एकच मागणी घेऊन उभे राहावे, असे माझे ठाम मत आहे.

सभेत पहिला आक्षेप येईल तो असा की, आपली चाचणी सुमारे 300 किलोमीटर उंचीवर झाली आणि तिचे बहुतेक तुकडे लवकरच वातावरणात जळून गेले. हे खरे आहे आणि ते मान्य करावे. मात्र काही तुकडे त्याहून बरेच उंच फेकले गेले होते आणि साडेआठशे किलोमीटरवर झालेल्या चीनच्या चाचणीचे कितीतरी अवशेष अजूनही फिरत आहेत, हेही त्याच वेळी सांगावे. अण्वस्त्रांविषयी बोलताना 1962 च्या अमेरिकी ‘स्टारफिश प्राइम’ स्फोटाचे उदाहरण पुरेसे आहे. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरील त्या स्फोटाच्या किरणोत्साराने अमेरिकेच्याच मित्रराष्ट्राचा, म्हणजे ब्रिटनचा, पहिला उपग्रह ‘एरियल-1’ निकामी होत गेला.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज परराष्ट्र मंत्रालयाकडे करावा, कारण ही चाचणी करणारी संरक्षण संशोधन आणि विकास संघटना म्हणजे डीआरडीओ या कायद्यातून जवळजवळ पूर्णपणे वगळलेली आहे. शुल्क दहा रुपये आहे. ‘तटस्थ का राहिलात?’ असे विचारू नये. या कायद्याखाली कारणमीमांसा मिळत नाही, उपलब्ध कागद मिळतात. म्हणून त्या मतदानाच्या वेळी भारताने केलेल्या निवेदनाची प्रत मागावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा सुरक्षेचे कारण देऊन नकार आल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील करावे.

खासदारांना निवेदन देऊन छायाचित्र काढण्यापेक्षा त्यांच्या हाती तयार प्रश्नाचा मसुदा द्यावा. लोकसभेतील प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच भेट ठरवावी.

जाहीर कार्यक्रमासाठी 4 ते 10 ऑक्टोबर हा जागतिक अवकाश सप्ताह सोयीचा आहे, कारण करार 10 ऑक्टोबर 1967 रोजी अमलात आला आणि याच सुमारास जगभरचे शांतता गट निदर्शने करतात. त्यांना जोडणाऱ्या, 1992 मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्लोबल नेटवर्क अगेन्स्ट वेपन्स अँड न्यूक्लिअर पॉवर इन स्पेस’ या संघटनेची 2010 ची परिषद नागपुरात झाली होती, तेव्हा महाराष्ट्रात हे काम शून्यातून सुरू करावे लागत नाही. व्याख्यानाला उपग्रहांच्या मदतीने मिळणाऱ्या हवामानाच्या इशाऱ्यांवर विसंबणारे मच्छीमार आणि शेतकरी यांना आवर्जून बोलवावे, आणि सभेत संमत झालेला ठराव मंत्रालयाच्या उत्तराच्या प्रतीसह खासदारांकडे व स्थानिक वृत्तपत्रांकडे त्याच आठवड्यात पोहोचवावा.