फ्रीझरमधला बर्फ काढताना या चुका टाळा

सिंगल डोअर फ्रिज रोजच्या वापराने सहसा बिघडत नाही. त्याचे मोठे नुकसान होते ते बहुधा साफसफाईच्या दिवशी. बर्फाचा थर जाड झालेला असतो, सुरमईचे पाकीट तळाला घट्ट चिकटलेले असते, स्वयंपाकाची घाई असते आणि मग हाताशी असलेली सुरी किंवा उलथने कामाला लावले जाते. अशा फ्रिजमध्ये फ्रीझरच्या भिंती बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या असतात आणि गारवा निर्माण करणारा गॅस वाहून नेणारे मार्ग त्या पत्र्यातच असतात. टोक एकदा जरी आत घुसले तरी फुस्स असा आवाज येऊन गॅस निघून जातो, कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस फिरवणारी मोटर, मात्र चालूच राहतो, त्यामुळे दूध नासेपर्यंत अनेकांच्या काही लक्षातच येत नाही. छिद्र बुजवून गॅस पुन्हा भरता येतो, परंतु ॲल्युमिनियमवरचा जोड बरेचदा टिकत नाही आणि शेवटी फ्रीझरचा अख्खा खोकाच बदलावा लागतो. हल्लीच्या अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. म्हणून असा आवाज आलाच, तर कोणतेही बटण न दाबता, पेटती शेगडी विझवून खिडक्या उघडाव्यात.

चिकटलेले पाकीट ओढू नये. कोमट पाण्यात पिळलेले फडके त्याच्या कडेने थोडा वेळ दाबून ठेवले की ते आपोआप सुटते. उकळते पाणी ओतल्याने प्लॅस्टिकला तडे जाऊ शकतात, मीठ टाकल्याने पत्रा गंजतो आणि पाणी गळत असताना हेअर ड्रायर धरणे तर सरळसरळ धोक्याचे आहे.

थर साधारण ५ मिलिमीटरचा झाला की डीफ्रॉस्ट करावे, म्हणजे बर्फ वितळवून काढावा. ‘बर्फ जास्त म्हणजे गारवा जास्त’ हा समज उलटा आहे, कारण हा थर गारवा अडवतो आणि कॉम्प्रेसरला जास्त वेळ चालावे लागते. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे गारवा कमी-जास्त करणाऱ्या चकतीच्या, मधले बटण दाबल्यावर कॉम्प्रेसर थांबतो आणि बर्फ वितळल्यावर ते बटण आपोआप बाहेर येते. येथे नेहमी होणारी चूक म्हणजे बटण दाबून फ्रिजकडे पाठ फिरवणे. तेवढ्या काळात खालच्या कप्प्यातलेही तापमान वाढते, फ्रीझरखालचा ट्रे भरून पाणी भाजीवर सांडते आणि मासे अर्धवट वितळून पुन्हा गोठतात. म्हणून फ्रीझर जवळजवळ रिकामा असतानाच हे काम काढावे. राहिलेले मासे, मटण वर्तमानपत्रात गुंडाळून बर्फासह थर्माकोलच्या पेटीत किंवा जाड पिशवीत ठेवावे.

धुण्यासाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा पुरतो. प्लग काढल्याशिवाय ओले फडके आत घालू नये आणि पुसल्यावर कोरडे फडके फिरवायला विसरू नये, कारण राहिलेल्या ओलाव्याचाच पुन्हा बर्फ होतो. प्लग काढून लगेच पुन्हा लावण्याची घाईही नको; कॉम्प्रेसरमधला दाब समान व्हायला पाच-एक मिनिटे लागतात.

डीफ्रॉस्ट केल्यावर आठवड्याभरातच पुन्हा जाड थर जमत असेल, तर दोष बर्फात नसून दारात शोधावा. दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे आणि कागद ओढून पाहावा; तो सहज निघाला तर त्या जागेतून दमट हवा आत जाते आहे. मुंबईच्या किंवा कोकणातल्या पावसाळ्यात हा फरक फार लवकर जाणवतो. रबराच्या घडीत साचलेली काळी बुरशी आणि चिकट साय साबणाच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने काढली की रबर अनेकदा पुन्हा नीट बसते. तसे झाले नाही तरच ते बदलावे. झाकण न ठेवलेली आमटी आणि गरम पातेली हेही तितकेच मोठे कारण आहे.

मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरवर असलेल्या ट्रेकडे तर कोणी बघतही नाही. डेंग्यूचे डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतात, म्हणूनच घरोघरी तपासणीला येणारे महापालिकेचे कर्मचारी हा ट्रे आवर्जून पाहतात. तो आठवड्यातून एकदा रिकामा करून घासावा.

फ्रॉस्ट फ्री फ्रिजचे गणित वेगळे आहे. त्यात हीटर ठरावीक वेळाने बर्फ वितळवतो, त्यामुळे डोळ्यांना दिसेल असा थर जमणे हाच बिघाड समजावा. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल, तर बहुधा पाणी वाहून नेणारे छिद्र तुंबलेले असते. वरचा कप्पा गार आणि खालचा कोमट असेल, तर आतल्या पॅनेलमागे बर्फ साचून हवेचा मार्ग अडलेला असू शकतो. असा फ्रिज दिवसभर बंद ठेवला की तो पुन्हा नीट चालू लागतो आणि दुरुस्ती झाली असे वाटते, पण हीटर किंवा सेन्सर निकामी असेल तर थोड्याच दिवसांत तीच तक्रार परत येते. मेकॅनिकला बोलावताना ‘बंद ठेवला की काही दिवस बरा चालतो’ हे त्याला आधी सांगावे, म्हणजे तो गॅस भरण्यापासून सुरुवात करणार नाही.