घरातल्यांचा गट काढताय? आमचं ऐकून ठेवा

आम्ही तिघं भावंडं आणि एक चुलतबहीण अकरा वर्षं एकत्र गातोय. ‘काय आवाज मिळतात तुमचे!’ हे इतक्यांदा ऐकलंय की आता नुसतं हसतो. त्यात आमचं कर्तृत्व थोडंच. एका घरात बोलायला शिकलेल्यांचा ‘आ’ आणि ‘ए’ सारखाच उघडतो. बाहेरच्या गटांना तेवढ्यासाठी महिनोन्‌महिने घासावं लागतं.

पण खोच तिथेच आहे. आम्ही एकमेकांना इतकं धरून गातो की एक सुरातून खाली उतरला की चौघं उतरतात, आणि कुणालाच कळत नाही. एकदा बिनसाथीचं कडवं संपलं, कीबोर्ड सुरू झाला आणि आम्ही चांगलेच खाली! तेव्हापासून तालमीत एक सूर सतत चालू असतो. श्वासाचंही तेच. सगळे एकाच जागी श्वास घेतात आणि ओळीला भोक पडतं. कुणी कुठे घ्यायचा ते कागदावर पेन्सिलीने लिहा.

भांडणं मात्र सुरांवरून होत नाहीत. नाव कुणाचं, पैसे कुणाचे, यावरून होतात. जॅक्सन फाइव्ह या अमेरिकेतल्या भावांच्या गटाने १९७५ मध्ये मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी सोडली तेव्हा नाव कंपनीकडेच राहिलं; त्यांना ‘द जॅक्सन्स’ व्हावं लागलं. शिवाय त्यांच्यातला एक भाऊ, जर्मेन, कंपनीतच थांबला. दुसरं म्हणजे, रचनेची रॉयल्टी, म्हणजे गाणं वापरल्याचा मोबदला, लिहिणाऱ्याला मिळते, नुसतं गाणाऱ्याला नाही. बीच बॉईज या अमेरिकन गटातल्या माइक लव्हने गाण्यांच्या श्रेयासाठी गटातल्याच मामेभावाला, ब्रायन विल्सनला, कोर्टात खेचलं आणि १९९४ मध्ये जिंकला.

आमच्यात धाकटी लिहिते. ‘घरातलंच आहे’ म्हणत दोन वर्षं हिशेबच केला नाही. मग तिच्या खात्यात पैसे आले, माझ्या नाहीत, आणि मी जेवताना नको ते बोलून बसलो. (ताट तसंच टाकून ती उठली, ते अजून डोळ्यांसमोर आहे.) शेवटी कागद केला: रचनेचे निम्मे पैसे तिचे, उरलेले चौघांत सारखे. कागद करून देणारा वकील नात्यातला नव्हता. तुमचाही नसू दे.

आणि सुट्टी घ्या. एव्हर्ली बंधू ही अमेरिकेतली गाणारी जोडी, १९७३ मध्ये भर कार्यक्रमात फुटले ते १९८३ मध्ये पुन्हा एकत्र गायले. आम्ही दरवर्षी दोन महिने वेगळे होतो. धाकटी एकटी गाते, मी शिकवण्या घेतो. परत जमलो की पहिल्या तालमीत पुन्हा उतरतो, चौघं एकदम.