संदर्भ हवा! मराठी विकिपीडियावर या चुका टाळा

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेव्हापासून सॉफ्टवेअर बदलले, मोबाइलवरून संपादन आले, देवनागरी टंकायची कटकट जवळपास संपली. चुका मात्र त्याच राहिल्या. 'अलीकडील बदल' हे ताज्या संपादनांच्या यादीचे पान उघडावे तर रोज तेच दर्शन: संदर्भाविना तीन परिच्छेद, कुठल्या तरी साहेबांचे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शोभेल असे चरित्र, आणि मजकूर उडवल्यावर कुणाचा तरी संताप. नव्या माणसाला मी बोल लावत नाही. नवे कुणी आलेच नाही तर हा प्रकल्प बंद पडेल. माझा राग घाईवर आहे. नियमांची पाने वाचायला अर्धा तास पुरतो आणि नेमका तो अर्धा तास कुणाकडे नसतो.

आधी लिहायचे, मग संदर्भ शोधायचा

बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो. वाक्य डोक्यातून लिहायचे, मग गुगलवर त्याच्याशी जुळणारे काहीतरी शोधायचे आणि तो दुवा वाक्याच्या शेपटीला चिकटवायचा. जुळणारे काहीतरी सापडतेच, आणि फसगत होते ती तिथेच.

एका डोंगरी किल्ल्याचे पान होते. किल्ल्याचे नाव सांगत नाही, तिकडची मंडळी अजून माझ्यावर रुसलेली आहेत. कुणीतरी त्यात एक वाक्य टाकून गेले: गडाचे नाव राणीच्या एका दासीवरून पडले. आधार काहीच नाही. मी 'संदर्भ हवा' हा साचा, म्हणजे तयार सूचना, लावला. काही महिन्यांनी साचा गायब आणि त्या जागी एका वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीतल्या भटकंतीच्या लेखाचा दुवा. बदलाच्या सारांशात फुशारकी होती: 'घ्या संदर्भ.'

लेख उघडला. आमच्याच पानाचा पहिला परिच्छेद, क्रियापदांसकट. तटबंदीच्या लांबीत आमच्याकडे एक शून्य जास्त पडले होते, तेही लेखकाने इमानेइतबारे उतरवले होते. पानाचा इतिहास, म्हणजे प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद, काढून तारखा ताडल्या तर वाक्य आमच्याकडे आधी आलेले, पुरवणीत नंतर. आमचीच थाप आम्हालाच पुरावा म्हणून परत आली होती.

चर्चा पानावर हे मांडले. उत्तर आले, 'एवढ्या मोठ्या पेपरात छापून आले ते खोटे कसे असेल?' मग मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा त्या जिल्ह्याचा खंड काढला. जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघालेले हे खंड किल्ल्यांबाबत सढळ आहेत; दंतकथासुद्धा 'लोक असे सांगतात' म्हणून नोंदवतात. त्यात दासीचा पत्ता नव्हता. वाक्य काढले. पुढे तिसरा सदस्य आला तो पायथ्याच्या माहितीफलकाचा फोटो घेऊनच. फलकावर दासी होती. मजकूर कुठून आला हे विचारायची गरजच पडली नाही, तटबंदीचे जादा शून्यही फलकावर होते.

हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने इंग्रजी विकिपीडियावर कोआटी या प्राण्याच्या पानात गंमत म्हणून 'ब्राझिलियन आर्डवार्क' असे टोपणनाव घुसडले. ते ब्रिटिश वृत्तपत्रांत गेले, एका विद्यापीठाने छापलेल्या पुस्तकात गेले, आणि मग असलाच छापील मजकूर त्या नावाला आधार म्हणून पानावर येऊन बसला. २०१४ मध्ये न्यूयॉर्कर या नियतकालिकाने ही गोष्ट छापली तेव्हा कुठे तिचा उगम चारचौघांत आला.

माझी सवय साधी आहे. पुस्तक आधी टेबलावर घ्यायचे, संपादनाची खिडकी नंतर उघडायची. आधीपासून असलेल्या वाक्याला दुवा जोडायचा असेल तर ते वाक्य पानावर कधी आले ते इतिहासात बघायचे आणि स्रोताच्या तारखेशी ताडायचे. ग्रंथाचा संदर्भ असेल तर लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक. पृष्ठक्रमांक नसलेला संदर्भ मी अर्धाच धरतो. 'पाहा: मराठ्यांचा इतिहास' असे लिहिणाऱ्याला कोणती आवृत्ती आणि कितवे पान एवढेच विचारले की बहुतेक वेळा पुढे शांतता असते, कारण पुस्तक उघडलेलेच नसते.

कादंबरी, बखर, फॉरवर्ड

ऐतिहासिक कादंबरीतला संवाद उचलून 'महाराज म्हणाले' असा अवतरणचिन्हांत टाकणारे सतत भेटतात. कादंबरीकाराने तो संवाद रचलेला असतो, ते त्याचे कामच आहे. कादंबरीवर पान असेल तर तिथे खुशाल लिहा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फॉरवर्डबद्दल काही लिहित नाही.

बखरीचे प्रकरण जरा नाजूक आहे. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजीला लिहिली गेली, आणि लिहिणाऱ्याने शिवकाळ पाहिलेला होता. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे संभाजी महाराजांच्या १६८९ मधल्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. दोन्ही बखरीच आणि दोन्ही जुन्याच, म्हणून दोन्हींचे वजन सारखे होत नाही. संभाजी महाराजांची बदनाम प्रतिमा बराच काळ टिकली, तिला चिटणिसांच्या बखरीचा मोठा आधार होता. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे मूळ कागद धुंडाळून १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केले तेव्हा त्या प्रतिमेला मोठा तडा गेला.

२०२५ च्या फेब्रुवारीत इंग्रजी विकिपीडियावरच्या संभाजी महाराजांच्या पानावरच्या वादग्रस्त मजकुरावरून महाराष्ट्रात गदारोळ झाला, महाराष्ट्र सायबर या राज्याच्या यंत्रणेने तो मजकूर काढण्यासाठी विकिपीडियामागच्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेला नोटीस धाडली. त्या दिवसांत ओळखीतल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला: तुम्ही लोक असले खपवून कसे घेता? खपवून घेण्याचा प्रश्न नसतो. अमुक गोष्ट कुणी म्हटली, त्याने ती केव्हा आणि कशाच्या आधारे म्हटली, पुढच्या संशोधकांनी ती कशी खोडून काढली, हे सगळे त्याच पानावर लिहिता येते. बेंद्रे वाचून, पृष्ठक्रमांक देऊन दोन वाक्ये लिहिणारा माणूस त्या पानासाठी जे करतो ते शंभर संतापलेल्या प्रतिक्रियांनी होत नाही. न पटणारे वाक्य नुसते पुसले तर ते दुसऱ्या दिवशी परत येते, कारण त्याला संदर्भ असतो आणि तुमच्या पुसण्याला नसतो.

आणि विशेषणे आवरा. थोर, महान, सुप्रसिद्ध, लोकप्रिय, झुंजार. आदर क्रियापदात दाखवता येतो, मराठीने ती सोय करून ठेवली आहे.

प्रचालकाला मालक समजणे

'तुमच्या साहेबांशी बोलायचे आहे.' हे वाक्य मला खरोखर लिहून आलेले आहे. विकिमीडिया फाउंडेशनचे मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोला आहे, ती सर्व्हर आणि कायदेशीर बाजू सांभाळते. तुमच्या आजोबांच्या पानावर काय राहावे हे ती ठरवत नाही. ते ठरवतात तुमच्या-आमच्यासारखे बिनपगारी लोक, चर्चा पानावर आणि चावडी या सामायिक चर्चेच्या पानावर. प्रचालक हाही त्यांच्यातलाच एक; फक्त त्याच्याकडे पान वगळायची, सुरक्षित करायची, खाते रोखायची बटणे असतात. वादात त्याच्या मताला त्यामुळे जास्त वजन येत नाही, आणि तो तुमचा नोकरही नाही. रात्री अकरा वाजता तो तुमचा निरोप वाचतो तेव्हा दिवसभराची नोकरी करून बसलेला असतो. मी स्वतः प्रचालक नाही, व्हायची हौसही नाही, पण त्यांना जी भाषा ऐकावी लागते ती वाचून मलाच ओशाळल्यासारखे होते.

मजकूर उलटवला गेला, म्हणजे कुणी बदल रद्द करून आधीचा मजकूर परत आणला, की नवखा माणूस तो तसाच परत टाकतो. समोरचा पुन्हा उलटवतो. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा असे केले तर खाते रोखले जाऊ शकते, मग तुमचे म्हणणे कितीही बरोबर असो. आकडा विसरा. एकदा उलटवले की मी त्या दिवशी पानाला हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी चर्चा पानावर तीनच गोष्टी लिहितो: मी काय लिहिले होते, ते कुठल्या ग्रंथाच्या कितव्या पानावर आहे, आणि समोरच्याला नेमके काय खटकले. 'मी त्या गावचाच आहे' हा युक्तिवाद चालत नाही. तुम्ही गावचे आहात हे आम्हाला पडताळता येत नाही, आणि पडताळता आले तरी वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

यापेक्षा वाईट म्हणजे कौलात माणसे आणणे. एका पानाच्या शीर्षकावर कौल लागला होता. दोन दिवस चार-पाच जुने सदस्य आधार देऊन भांडत होते, भांडण चांगले चालले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी नवी खाती उगवली. प्रत्येकाचे विकिपीडियावरचे पहिले आणि शेवटचे वाक्य 'माझा पाठिंबा आहे', काहींचे तर शुद्धलेखनाच्या त्याच चुकीसह. कुठल्या तरी ग्रुपवर दुवा फिरला होता हे उघड होते. ज्याच्या बाजूने ही फौज आली त्याच्याकडे खरे तर दोन चांगले संदर्भ होते. ते कुणी वाचलेच नाहीत, सगळी चर्चा बनावट खात्यांकडे वळली आणि निर्णय न होताच कौल बंद झाला. कौलात हात मोजत नाहीत, कारणे मोजतात, हे त्याला आधी कुणी सांगायला हवे होते. म्हणजे सांगितले होते. स्वागताच्या साच्यातच नियमांचे दुवे असतात, पण स्वागताचा साचा वाचतो कोण?

छोट्या विकिपीडियावर याचा धोका जास्त असतो. क्रोएशियन विकिपीडिया अनेक वर्षे मोजक्या प्रचालकांच्या गटाने ताब्यात ठेवला आणि इतिहास आपल्या राजकारणाला सोयीचा करून लिहिला. २०२१ मध्ये फाउंडेशनने त्यावर अहवाल प्रसिद्ध केला. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचे २०२० मध्ये उघड झालेले प्रकरण उलट दिशेचे. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने हजारो पाने इंग्रजी शब्द मोडूनतोडून लिहिली होती आणि वर्षानुवर्षे कुणी हटकले नव्हते. त्याचा हेतू वाईट नव्हता. पहारा ठेवायला माणसे नव्हती, एवढेच. मराठीतही नेमाने पहारा ठेवणारे लोक थोडेच आहेत, म्हणून सांगतो: महिनाभर नुसते 'अलीकडील बदल' वाचा, मग धोरणावर मत द्या.

उचलेगिरी

मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास कुठे ना कुठे कार्यशाळा होते. दुपारपर्यंत ढीगभर पाने, संध्याकाळी प्रमाणपत्रांसह फोटो, आणि पुढचे कित्येक दिवस आम्ही 'पानकाढा' हा पान वगळण्याची सूचना देणारा साचा लावत बसतो, कारण निम्मी पाने कुठल्या तरी संकेतस्थळावरून जशीच्या तशी उचललेली असतात. फुकट वाचायला मिळते म्हणजे उचलायला मोकळे, असे होत नाही. भारतात प्रताधिकार सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. श्री. व्यं. केतकर १९३७ मध्ये वारले, म्हणून त्यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश मोकळा आहे; गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये आपण होऊन मुक्त परवान्याखाली दिला. असे स्रोत जरूर वापरा, नाव सांगून. पण डोळे उघडे ठेवा. केतकरांच्या ज्ञानकोशातून गावाची नोंद उचलून 'गावाची लोकसंख्या इतकी आहे' असे शंभर वर्षांपूर्वीचे आकडे वर्तमानकाळात टाकलेले मी पाहिले आहे.

आयोजकांना एकच विनंती. दिवसाला प्रत्येकी एकच परिच्छेद, ग्रंथालयात बसून, दोन पुस्तकांच्या आधारे, आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर. फोटो कमी येतील.

चॅटबॉटचे संदर्भ

हे नवे दुखणे आहे. लेख गुळगुळीत, तळाला पाच पुस्तके, प्रत्येकाला प्रकाशक आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. त्यातली तीन पुस्तके जगात नसतात. तेरा आकडी आयएसबीएन तपासायला सोपा आहे. सुरुवात ९७८ किंवा ९७९ ने, भारतीय प्रकाशकाचे पुस्तक असेल तर सहसा ९७८ आणि पुढे ८१ किंवा ९३. मग आकड्यांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे आणि बेरीज करायची. तिला १० ने पूर्ण भाग गेला नाही तर क्रमांक चुकीचा. भाग गेला तरी पुस्तक खरेच आहे का ते ग्रंथालयाच्या सूचीत पाहा. ज्याला एवढे करायचे नाही त्याने संदर्भ देऊ नये, लेखही लिहू नये.

उरलेल्या, एकेका ओळीत

स्वतःचे, साहेबांचे किंवा मेहुण्यांचे पान लिहू नका. पैसे घेऊन लिहित असाल तर ते जाहीर करणे २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे. गुगलवर सापडलेला फोटो कॉमन्स या विकिमीडियाच्या फोटोसंग्रहावर 'स्वतःचे काम' म्हणून चढवू नका. मराठी वृत्तपत्रांचे दुवे फार लवकर मरतात, म्हणून दुवा जोडतानाच वेबॅक मशीन या वेबपाने जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्याची प्रत ठेवा आणि संदर्भात बातमीचा मथळा व तारीखही लिहा. बदलाचा सारांश रिकामा सोडू नका, 'दुरुस्ती' एवढेच लिहिणे म्हणजे रिकामेच. चर्चा पानावर लिहिल्यावर चार टिल्ड (~~~~) टाकून सही करा, नाहीतर कोण कुणाशी भांडतोय हे शोधायला आम्हाला पुन्हा पानाचा इतिहास उघडावा लागतो.