गोव्यात गिलाव्याची कंत्राटं घ्यायचीत? कागदपत्रांतल्या या चुका टाळा

डिचोली, सत्तरी, पेडण्याकडे गिलाव्यावर हात बसलेले गवंडी कमी नाहीत. ओळंबा लावला तर कोपरा केसभर हलणार नाही असं काम करणारी माणसं. तरी पंधरा-वीस वर्षं दुसऱ्याच्या नावावर चौरस मीटरच्या मजुरीने राबतात, कारण स्वतःच्या नावाने कंत्राट घ्यायचं म्हटलं की कागद आडवे येतात. मीही त्याच वाटेने आलोय. जिथे जिथे अडलो त्या जागा इथे लिहितोय, म्हणजे तुमची दोन-तीन वर्षं तरी वाचतील.

“प्लास्टरचं लायसन्स” शोधत फिरणं

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो: प्लास्टरचं लायसन्स कुठल्या ऑफिसात मिळतं? फक्त गिलाव्याची परीक्षा घेऊन देतात असं लायसन्स आपल्याकडे नाही. लायसन्स म्हणून आपण ज्याला हाक मारतो ते चार-पाच वेगवेगळे कागद असतात. पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यवसाय परवाना, १९७३ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी, जीएसटी, कामगारांचे कागद, आणि सरकारी काम करायचं असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्यातली कंत्राटदार म्हणून नोंदणी. “सगळं एकाच लायसन्सात करून देतो” असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका. उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे लहान धंद्यांच्या सरकारी नोंदणीसाठी, तर सरकार एक रुपयाही घेत नाही. आधार आणि पॅन हाताशी असलं की ती घरबसल्या होते. तिच्यासाठी हजार-दोन हजार मोजलेली मुलं मला दर वर्षी भेटतात आणि वाईट वाटतं.

केलेल्या कामाचा कागद न ठेवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही.

माझं पहिलं स्वतंत्र काम सत्तरीतल्या एका बंगल्याचं. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, आतून-बाहेरून गिलावा, वर सिलिंग. अडीच महिने लागले. पैसे रोख मिळाले, हिशेब वहीच्या मागच्या पानावर. चार वर्षांनी नोंदणीचा अर्ज भरायला बसलो तेव्हा केलेल्या कामांचे दाखले हवे होते. बंगला गाठला, तर मालकाने तो विकलेला. नवा मालक भला माणूस. चहा दिला आणि म्हणाला, “भाऊ, गिलावा तुम्हीच केलात हे मी कशाच्या आधारावर लिहून देऊ?” त्याचं बरोबरच होतं. छज्ज्याच्या खालच्या अंगाला पाणी तुटावं म्हणून मी काढलेली खाच चार पावसाळ्यांनंतरही सरळ होती, कुठे पोपडा नव्हता. हात फिरवून परत आलो.

तेव्हापासून काम लहान असो की मोठं, चार कागद होतातच: काम दिल्याचं पत्र, मापाचा तक्ता, बिल आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. दाखल्यावर कामाचा पत्ता, सुरू आणि संपल्याची तारीख, किती चौरस मीटर, कुठलं मिश्रण, किती जाडी, एकूण रक्कम आणि मालकाबरोबर इंजिनीअरची सही घ्या. “काम समाधानकारक केले” एवढ्या एका ओळीच्या चिठ्ठीला वजन नसतं. शेवटचा हप्ता मिळतो त्याच दिवशी दाखला मागा. त्यानंतर मालक फोन उचलायला कंटाळतो.

पैसे बँकेतून घ्या. बिल्डर किंवा कंपनीचं काम असेल तर एका बिलाची रक्कम ३०,००० रुपयांवर किंवा वर्षाची मिळून १ लाखावर गेली की ते टीडीएस, म्हणजे तुमच्या नावावरचा आगाऊ आयकर, कापतात. कंत्राटदार एकटा मालक असेल तर १ टक्का, भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर २ टक्के. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात. कापलं म्हणून पुष्कळजण वैतागतात, पण तीच नोंद आयकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत (फॉर्म २६ एएस) दिसते आणि खासगी कामाच्या दाखल्याला आधार देते. मी तर लहान कंत्राटदारांना सांगतो, टीडीएस कापणारं गिऱ्हाईक आधी धरा.

मापं अंदाजाने लिहिणं

दाखल्यावरचं माप आणि बिलावरचं माप जुळलं नाही की पुढचं सगळं संशयात येतं. आपल्यातले बरेचजण दारं-खिडक्या एक तर पूर्ण वजा करतात, नाही तर अजिबात करत नाहीत. मोजणीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १२०० च्या १२ व्या भागात, हे स्पष्ट आहे. ०.५ चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही. त्याहून मोठं पण ३ चौरस मीटरपर्यंत असेल आणि दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल, तर एकाच बाजूने वजा करायचं. खिडकीच्या आतल्या कडांचा गिलावा मग वेगळा मोजायचा नाही. ३ चौरस मीटरच्या वर गेलं तर दोन्ही बाजूंनी वजावट, आणि कडा वेगळ्या मोजून मिळवायच्या.

समजा भिंत ४ मीटर लांब, ३ मीटर उंच. दोन्ही बाजू मिळून २४ चौरस मीटर. तिच्यात १.२ बाय १.२ ची खिडकी, म्हणजे १.४४. बिलात २२.५६ यायला हवेत. पूर्ण वजा करणारा २१.१२ लावतो आणि प्रत्येक खिडकीमागे स्वतःचे पैसे सोडतो. वजाच न करणारा २४ लावतो, मग इंजिनीअर सगळं बिल लाल पेनाने खोडतो.

जाडीही लिहा. आतल्या बाजूला साधारण १२ मिलिमीटर, भिंतीच्या खडबडीत बाजूला १५, बाहेरून दोन थरांत २०, सिलिंगला ६. चिऱ्याची भिंत पाणी ओढते आणि खड्ड्यांत माल जास्त खाते, म्हणून दर देताना माल विटेच्या भिंतीच्या हिशेबाने धरू नका.

नावाचं स्पेलिंग

बाहेरच्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, आपल्याकडे अर्ज परत यायला तेवढंच पुरतं. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं आडनाव, शेवटी ‘क्यू-यू-ई’ असलेलं ‘नायक’. आधारवर ‘के’वर संपणारं. पॅनवर वडिलांचं नाव आणखी तिसऱ्या तऱ्हेने. जीएसटी, बँक, आधार, पॅन यांत एक अक्षर इकडेतिकडे झालं की पडताळणी अडते. सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. जन्मदाखल्यावरचं नाव बदलायचं असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे. त्या कामाला वेळ लागतो, म्हणून ते सगळ्यात आधी हातात घ्या.

बायकोला हिशेबाबाहेर ठेवणं

गोव्याच्या नागरी कायद्याखाली लग्न झालेल्या आणि मालमत्ता सामाईक असलेल्या जोडप्यांत धंद्याचं उत्पन्न निम्मं-निम्मं दोघांच्या नावावर धरलं जातं. आयकर विवरणपत्रात त्यासाठी शेड्यूल ५ए आहे. पगाराला हे लागू नाही, पण कंत्राटाच्या नफ्याला आहे. कित्येकजण सगळं उत्पन्न स्वतःच्या नावावर दाखवतात, टीडीएसही आपल्याच खात्यात घेतात, आणि पुढे नोटीस आली की धावपळ. बायकोचा पॅन, तिचं विवरणपत्र, टीडीएसची वाटणी, सगळं पहिल्या वर्षापासून नीट करा. नोंदणीसाठी बँकेकडून पतदाखला घेताना घर-जमीन दाखवायची असेल, तर तिथेही तिची सही लागू शकते. ऐन वेळी सांगण्यापेक्षा घरात आधीच बोलून ठेवा.

“मजुरीवर जीएसटी नाही” असं समजणं

ही माफी सरसकट नाही. फक्त मजुरीचं काम आणि ते एकट्या घराचं, म्हणजे मोठ्या संकुलाचा भाग नसलेलं, असेल तर माफी. फ्लॅटच्या इमारतीत नुसती मजुरी केली तरी ती माफीत बसत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावीच लागते. गिलाव्याचा जीएसटीतला कोड ९९५४७२, कराचा दर १८ टक्के. दर ठरवतानाच “जीएसटी वेगळा” हे लिहून घ्या. सरकारी करार २.५ लाखांवर असेल तर बिलातून २ टक्के जीएसटीचा टीडीएसही कापतात. पोर्टलवर जाऊन तो स्वीकारला तरच तुमच्या खात्यात जमा होतो.

कामगारांचे जुने नियम

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे, लागू झाल्या. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या केंद्रीय कायद्यात २० कंत्राटी कामगार झाले की लायसन्स लागायचं, नव्या संहितेत हा आकडा ५० आहे. परराज्यांतल्या कामगारांसाठी पूर्वी ५ चा आकडा होता, आता १०. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा जुना फॉर्म भरू नका. पणजीत पाटो इथे श्रमशक्ती भवनात जाऊन सध्या कुठला फॉर्म चालतो ते विचारा.

तुमच्याकडचा कामगार १८ ते ६० वयाचा असेल आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर राबला असेल, तर बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळात त्याची नोंद होऊ शकते. त्यासाठी तुमची सही लागते. काही कंत्राटदार जबाबदारी अंगावर येईल म्हणून ती टाळतात. कृपा करून टाळू नका. परांचीवर उभं राहून तो तुमचंच काम करत असतो.

वर्ग न बघता निविदा भरणं

बांधकाम खात्यात कंत्राटदारांची नोंदणी कामाच्या रकमेप्रमाणे वर्गांत होते, आणि निविदेच्या जाहिरातीत कुठल्या वर्गाचे कंत्राटदार पात्र आहेत ते दिलेलं असतं. इमारत आणि रस्ता हे विभागही वेगळे. खालच्या वर्गातून सुरुवात करा, दाखले जमवा, मग वर सरका. ई-निविदेसाठी डिजिटल सही आधीच काढून ठेवा. आणि दर भरताना १ टक्का बांधकाम उपकर, आयकर, सुरक्षा ठेव यांची कपात धरूनच भरा, नाही तर पहिल्या बिलाला सिमेंटचे पैसे खिशातून जातात.

हे सगळं कधी करायचं? जून ते सप्टेंबर. पावसात बाहेरचा गिलावा तसाही बंद असतो. घरी बसून दाखले लावा, स्पेलिंग ताडून बघा, अर्ज भरा. मूळ कागद मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कपाटात नको. श्रावणापर्यंत बुरशी चढते आणि शिक्का पुसट झाला की तो दाखला परत घ्यावा लागतो.