पक्षाघातानंतर घरी आल्यावर: चांगल्या सवयी लावताना या चुका टाळा

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी येतो तेव्हा सर्वांचे लक्ष त्याच्या लुळ्या पडलेल्या हातापायाकडे असते. ते स्वाभाविक आहे. परंतु ज्या कारणांमुळे झटका आला, ती कारणेही बहुधा रुग्णाबरोबरच घरी परतलेली असतात. २२ देशांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ या अभ्यासात पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका अवघ्या दहा घटकांशी निगडित असल्याचे आढळले. त्यांत उच्च रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, आहार, व्यायामाचा अभाव, मद्यपान आणि मानसिक ताण हे घटक आहेत आणि त्यांतले बहुतेक आटोक्यात आणता येतात. दुसऱ्या झटक्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणजे नेमका तेव्हाच, जेव्हा घरचे ‘मोठे संकट टळले’ असे समजून निर्धास्त होतात. या काळात होणाऱ्या चुका हलगर्जीपणातून जेवढ्या होतात, तेवढ्याच, किंबहुना अधिक, मायेपोटी होतात.

सगळे काही रुग्णासाठी आपणच करणे

पाण्याचा पेला हातात देणे, सदऱ्याची बटणे लावणे, घास भरवणे ही सेवा वाटते. पण जो हात वापरलाच जात नाही तो वापरायचा नाही, असे मेंदू हळूहळू शिकत जातो. हालचाल परत मिळते ती ती हालचाल पुन्हा पुन्हा केल्याने, आणि दिवसाकाठी फिजिओथेरपीला मिळणारा थोडा वेळ त्यासाठी पुरत नाही. म्हणून बटण लावायला दहा मिनिटे लागत असतील तर घरच्यांनी दहा मिनिटे आधी उठावे, हेच खरे. जे काम रुग्णाला अर्धे जमते त्यातले उरलेले अर्धे तेवढे आपण करावे. मात्र उठवताना किंवा बसवताना कमजोर हाताला धरून कधीही ओढू नये. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा जागेवरून सरकू शकतो, आणि एकदा खांदा दुखू लागला की व्यायामाचे नाव काढणेही कठीण होते.

थकव्याला आणि नैराश्याला आळस समजणे

ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ती केल्यावर रुग्ण आणि घरचे यांच्यात जी कटुता येते तिच्यापुढे कोणतीही चांगली सवय टिकत नाही. पक्षाघातानंतरचा थकवा हा मेंदूच्या इजेचाच भाग असून भरपूर झोप घेऊनही तो जात नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुढे नैराश्य येते. काहींमध्ये इजेमुळे पुढाकार घेण्याची क्षमताच कमी होते, म्हणजे इच्छा असूनही ते आपणहून उठत नाहीत. अशा माणसाला ‘जरा मनावर घ्या’ असे रोज ऐकवणे हे पायाला प्लास्टर असलेल्या माणसाला पळायला सांगण्यासारखे आहे.

रुग्ण व्यायाम टाळत असेल तर रागावण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. कुठे दुखते आहे का? पडण्याची भीती वाटते आहे का? दिवसातल्या कोणत्या वेळी त्याला सर्वाधिक तरतरी असते? दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, रडू येणे, झोप किंवा भूक बिघडणे असे काही चालू असेल तर डॉक्टरांना सांगावे, कारण या नैराश्यावर उपचार होतात. जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसभर पेंगणे हेही आवर्जून सांगावे. झोपेतील श्वसनरोध पक्षाघाताच्या रुग्णांत बराच आढळतो आणि तो रक्तदाबही वाढवतो.

चालण्याची सवय लावताना एकदम अर्ध्या तासाचे उद्दिष्ट ठेवणे हमखास फसते. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या परवानगीने प्रत्येकी दहा मिनिटांच्या फेऱ्या, तशा आठवड्यातून किमान चार वेळा, ही सुरुवात पुरेशी आहे. याखेरीज सलग बसून राहणे अधूनमधून मोडावे: दर अर्ध्या तासाने तीनेक मिनिटे उभे राहणे, आणि ज्याला उभे राहता येत नाही त्याने बसल्या जागी हातपाय हलवणे.

बरे वाटू लागले म्हणून गोळ्यांत फेरफार करणे

वाढलेला रक्तदाब जाणवत नाही, त्यामुळे तो उतरल्याचेही जाणवत नाही. गोळी चालू आहे म्हणूनच आकडा चांगला येतो, हे विसरले जाते. रक्तवाहिनीत गुठळी अडकून आलेल्या पक्षाघातात रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही काळापुरत्या दिल्या जातात आणि नंतर सहसा एकच चालू ठेवतात. इथे दोन्ही बाजूंनी गफलत होते: कोणी दोन्ही बंद करतो आणि गुठळीचा धोका ओढवून घेतो, तर कोणी दोन्ही महिनोन्‌महिने घेत राहून रक्तस्रावाचा धोका वाढवतो. कोणती गोळी कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची, हे डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्यावे. मेंदूत रक्तस्राव होऊन आलेल्या पक्षाघाताचे उपचार वेगळे असतात, त्यामुळे दुसऱ्या रुग्णाची चिठ्ठी पाहून स्वतःची औषधे ठरवणे धोक्याचे आहे. अंगदुखीवरील काही गोळ्याही ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणतात किंवा रक्तदाब वाढवतात. त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

घरी मोजलेला रक्तदाब वरखाली होत असेल तर आधी मोजण्याची पद्धत पाहावी. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, शक्यतो चांगल्या हातावर, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे वहीत टिपावेत. बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य असते, तरी आपल्या रुग्णाचे लक्ष्य डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

पथ्य एकट्या रुग्णालाच लावणे

रुग्णाचे जेवण वेगळे आणि अळणी, बाकीच्यांचे नेहमीचे, अशी व्यवस्था फार दिवस चालत नाही. मीठ कमी करायचे तर सर्वांच्याच स्वयंपाकात करावे. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही मर्यादा निरोगी प्रौढांसाठीही तीच आहे. बरेच मीठ तयार पाकीटबंद पदार्थांतून पोटात जाते, म्हणून पाकिटावरचा मजकूर वाचायची सवय ठेवावी. ‘कमी सोडियम’चे मीठ मात्र परस्पर सुरू करू नये, कारण त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना ते बाधू शकते. तंबाखूचेही तसेच: घरात दुसरे कोणी धूम्रपान करत असेल, तर रुग्णाने ते सोडावे ही अपेक्षा निरर्थक आहे.

रुग्ण जेवण टाकू लागला तर लगेच हट्टीपणा समजू नये. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज घोगरा होतो का, हे पाहावे. गिळण्यात दोष असेल तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पूर्ण ताठ बसवूनच भरवावे आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी. ताटातली फक्त डावी बाजू तशीच राहत असेल, तर मेंदूला त्या बाजूची दखलच घेता येत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी ताट फिरवून ठेवावे आणि ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी.

नवी लक्षणे दिसली तरी ‘थोडे थांबून पाहू’ म्हणणे

चेहरा एका बाजूला ओघळणे, हात किंवा पाय एकाएकी गळणे, बोलणे अडखळणे, अचानक दृष्टी किंवा तोल जाणे, असह्य डोकेदुखी, यांपैकी काहीही झाले तर ते जुन्या आजाराचेच असेल असे मानू नये. लक्षणे काही मिनिटांत ओसरली तरीही रुग्णालयात जावे. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि ती वेळ रुग्ण शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणून ती वेळ टिपून ठेवावी. स्कॅन होईपर्यंत तोंडाने पाणीही देऊ नये आणि घरातली ॲस्पिरिनही देऊ नये, कारण हा झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे बाहेरून कोणालाही ओळखता येत नाही. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी मात्र सोबत न्यावी, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली त्याची नोंद.